मंत्रिमंडळ की शिक्कामोर्तब?

‘देशाला आता एक खंबीर हात पाहिजे, हे मंत्री, ह्या समित्या, हे आयोग आणि त्यांचे हे शेरे आता पुरे झाले,’ असे उद्गार अलीकडे सुशिक्षित घरांतून वारंवार ऐकू येतात. हे उद्गार काढणारी माणसे अविचारी नसतात. त्यांनी आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे कचेरीत, पेढीवर अगर शाळेत घालविलेली असतात. एक कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जावयास किती दिवस लागतात हे त्यांनी स्वतः पाहिलेले असते. त्यांचा वैताग खरा आहे, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. परंतु वैताग हा राज्यशास्त्राचा पाया होऊ शकत नाही. आणि जेव्हा या वैतागाच्या पाठीशी परदेशातून आणलेले एक तत्त्वज्ञान उभे करण्यात येते, व तेच आधुनिक राज्यनीतीचे सार होय असे आमच्या तरुण पदवीधरांस भासविले जाते, तेव्हा त्याचा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते.

हे तत्त्वज्ञान अमेरिकेतील होय. त्यास आपण एकहाती कारभाराचा सिद्धान्त म्हणू. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमाच्या आरंभीच असे म्हटले आहे की, कार्यकारी सत्ता अध्यक्षाच्या ठायी निहित राहील. या एका वाक्यावर सिद्धान्तवाद्यांनी मोठी इमारत रचली आहे. त्यांचा युक्तिवाद असा : सत्ता एकाच्या ठायी आहे, अनेकांच्या नव्हे, जे हात ती चालवितात ते सर्व त्या एकाचेच हात, म्हणून कोणत्याही खात्याचा सचिव असो, कोणत्याही मंडळाचा सभासद असो, त्यास वाटेल तेव्हा, कारण न सांगता, काढून टाकण्याचा अधिकार अध्यक्षास असलाच पाहिजे. कायद्याने त्या सभासदास ठराविक मुदत दिली असली, तरी तो कायदाच घटनाबाह्य!

वरवर पाहता हा युक्तिवाद सरळ दिसतो. परंतु ज्या देशात तो जन्मास आला, त्या देशाने तो कधीही एकमुखाने मान्य केलेला नाही. इ. स. १८३३ मध्ये अध्यक्ष जॅक्सन यांनी सरकारी ठेवी राष्ट्रीय पेढीतून काढण्यास आपल्या कोषसचिवास सांगितले. ठेवींविषयीचा अधिकार कायद्याने सचिवास दिलेला होता, अध्यक्षास नव्हे. सचिवाने नकार दिला, तेव्हा जॅक्सन यांनी सचिवासच काढले. दुसऱ्याच वर्षी सिनेटने अध्यक्षांच्या निषेधाचा ठराव केला. १८६८ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी कायदा डावलून युद्धसचिवास काढले, तेव्हा त्यांच्यावर महाभियोग चालला, आणि ते एका मताने वाचले. १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पोस्टमास्तरच्या खटल्यात अध्यक्षाच्या बाजूने विस्तृत निकाल दिला. तो निकाल लिहिणारे सरन्यायाधीश टाफ्ट हे स्वतः पूर्वी अध्यक्ष होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. परंतु नऊच वर्षांनी, १९३५ मध्ये, त्याच न्यायालयाने एकमताने ठरविले की, व्यापार-आयोगासारख्या मंडळाच्या सभासदास केवळ मतभेदासाठी काढता येणार नाही. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ज्या हम्फ्री नामक सभासदास काढले होते ते त्या वेळी हयातही नव्हते. त्यांच्या थकलेल्या वेतनासाठी त्यांच्या इस्टेटीच्या व्यवस्थापकाने दावा लावला होता. १९८८ मध्ये एकहाती कारभाराचा पक्ष न्यायालयात मांडणारे न्यायमूर्ती स्कालिया एकटे पडले होते. २०२० मध्ये मात्र बहुमत त्या पक्षाकडे झुकले, आणि मे २०२५ मध्ये न्यायालयाने दोन स्वतंत्र मंडळांच्या सभासदांना काढण्याची कृती, वाद चालू असता, तात्पुरती चालू दिली. तात्पर्य, ज्यास सनातन सत्य म्हणून आमच्यापुढे ठेवण्यात येते, तो तेथे दोनशे वर्षे चाललेला झगडा आहे.

या पक्षाचे लोक हॅमिल्टन यांचा हवाला नेहमी देतात. आणि ‘फेडरलिस्ट’ या पत्रमालेतील ७० व्या पत्रात हॅमिल्टन यांनी एकमुखी कार्यकारी सत्तेचे समर्थन केले आहे, हे खरेच आहे. परंतु त्याच मालेतील ७७ व्या पत्रात त्यांनीच असे लिहून ठेवले आहे की, अधिकाऱ्याच्या नेमणुकीस जशी सिनेटची संमती लागते, तशीच त्यास दूर करण्यासही लागेल. सत्तराव्या पत्रापर्यंत वाचून पुढील सात पत्रे मिटून ठेवणाऱ्यांस विद्वान म्हणावे की वकील म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

आता आपल्या घरी येऊ. आपल्या राज्यघटनेच्या ५३ व्या अनुच्छेदात जवळजवळ तेच शब्द आहेत : संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतीच्या ठायी निहित राहील. शब्द तेच असता अर्थ मात्र आपण निराळा घेतला, आणि तो जाणूनबुजून घेतला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी हा भेद स्पष्ट सांगितला. अमेरिकेचा अध्यक्ष आपल्या कोणत्याही सचिवास केव्हाही काढू शकतो. भारताचा राष्ट्रपती मात्र संसदेचे बहुमत ज्यांच्या पाठीशी आहे अशा मंत्र्यांस काढू शकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक, परंतु जबाबदारीची झडती निवडणुकीपुरती. सांसदीय पद्धतीत स्थैर्य कमी, परंतु झडती रोजची. दोन्हींची तुलना करून त्यांनी जबाबदारीस अधिक मान दिला. विशेष हे की, अध्यक्षीय पद्धतीचे आकर्षण त्यांस ठाऊक नव्हते असे नाही. एकच वर्ष आधी, १९४७ मध्ये, ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या पुस्तिकेत त्यांनी स्वतःच विधिमंडळास मध्येच काढता येणार नाही अशा कार्यकारी मंडळाची योजना मांडली होती. अर्थात रोजच्या झडतीचा पक्ष त्यांनी दोन्ही बाजू तोलून स्वीकारला होता.

राष्ट्रपतीपुरता हा प्रश्न पुढेही काही वर्षे धुमसत राहिला. डॉ. राजेंद्रप्रसादांनी १९६० मध्ये राष्ट्रपतीच्या अधिकारांचा अभ्यास व्हावा अशी सूचना जाहीरपणे केली; कन्हैयालाल मुनशी यांनी १९६३ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहून राष्ट्रपतीस स्वतःचा असा अधिकार असल्याचा पक्ष मांडला. शेवटी १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी निर्णय दिला की, काही अपवाद सोडता राष्ट्रपती व राज्यपाल यांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागले पाहिजे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने ते शब्दांतही उतरले.

येथे बहुतेक पाठ्यपुस्तके थांबतात, आणि विद्यार्थ्यास वाटते की एकहाती सत्तेचा प्रश्न आपल्याकडे मिटला. आमचे म्हणणे असे की तो मिटला नाही. त्याने घर बदलले. राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाचे ऐकावे, हे ठरले. परंतु मंत्रिमंडळ म्हणजे कोण? सर्व मंत्री मिळून, की त्यांतील एक? घटनेच्या ७५ व्या अनुच्छेदाप्रमाणे मंत्रिमंडळ लोकसभेस सामुदायिकपणे जबाबदार आहे. जेथे विचार सामुदायिक झाला नाही, तेथे जबाबदारी सामुदायिक कशी असणार? हा प्रश्न प्रथम विचारणारे दोघेही महाराष्ट्रीय मंत्री होते, आणि दोघांनीही तो राजीनामा देताना विचारला.

पहिले स्वतः डॉ. आंबेडकर. १९५१ मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपद सोडले, तेव्हा हिंदू संहितेच्या विधेयकाची जी आबाळ झाली ती सर्वांच्या स्मरणात राहिली. परंतु त्यांच्या निवेदनातील एक तक्रार बहुधा विसरली जाते. महत्त्वाचे निर्णय समित्यांत आधीच होतात, आणि मंत्रिमंडळ म्हणजे त्या निर्णयांची नोंद करणारी कचेरी होऊन बसले आहे, असे त्यांनी म्हटले होते. ज्याने घटनेचा मसुदा सिद्ध केला, त्याला ती अमलात येऊन दोन वर्षे होण्याच्या आत असे म्हणावे लागले, याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही.

दुसरे चिंतामणराव देशमुख. रायगड किल्ल्याच्या पायथ्याच्या परिसरातील, महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये त्यांचा जन्म झाला. सनदी नोकरीच्या परीक्षेत पहिले आलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि १९५० पासून देशाचे अर्थमंत्री, अशी त्यांची योग्यता होती. १९५२ च्या निवडणुकीत ते लोकसभेवर गेले ते याच किनाऱ्यावरील कुलाबा मतदारसंघातून. स्वभावाने ते चळवळीचे पुढारी नव्हते. कागद, आकडे आणि नियम यांत मुरलेला तो गृहस्थ होता. म्हणूनच १९५६ च्या जुलै महिन्यात लोकसभेत त्यांनी केलेले निवेदन आम्हांस महाराष्ट्राच्या घटनात्मक इतिहासातील एक मोठा दस्तऐवज वाटते.

मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवावयाची, असे पंडित नेहरूंनी जाहीर केले होते. देशमुखांस त्या निर्णयाचे दुःख होतेच. मुंबईत झालेल्या गोळीबाराची चौकशी नाकारली गेली याचाही त्यांस संताप होता. परंतु त्यांच्या निवेदनाचा जो भाग आजही बोचतो तो भावनेचा नसून कार्यपद्धतीचा आहे. हा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे विचारास आला नाही. कागदावर फिरविलाही गेला नाही. ज्याचा या विषयाशी विशेष संबंध, अशा त्यांच्यासारख्या मंत्र्यास व्यक्तिशः विचारले गेले नाही. मंत्रिमंडळाच्या समितीची बैठक झाल्याची नोंद नाही. आणि निर्णयाचा अधिकृत मजकूर मंत्र्यांस अद्याप पाहावयास मिळालेला नाही, अशी त्यांच्या आरोपांची मालिका होती. मंत्रिमंडळाच्या नावाने काही व्यक्तींनी, पंतप्रधान धरून, घटनेस न जुमानता निर्णय घेतला, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. फिर्याद मांडावी तर अशी! तीत एकही विशेषण गाळले तरी आरोप तसाच उभा राहतो.

नेहरूंनी आरोप मान्य केला नाही. परंतु उत्तर देताना त्यांनी जे सांगितले ते आरोपापेक्षाही बोलके होते. पंतप्रधान हा पंतप्रधान असतो, आणि सरकारचे धोरण तो सांगू शकतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. नेहरू हे लोकशाहीचे निस्सीम भक्त. संसदेत तासन्‌तास बसून टीका ऐकणारे. एकहाती कारभाराचा सिद्धान्त त्यांस कोणी पुस्तकातून वाचून दाखविला असता तर त्यांनी तो झिडकारला असता. तथापि प्रसंग येताच तोच सिद्धान्त त्यांच्या तोंडून बाहेर पडला. सत्तेचा हा गुणच आहे. ती सज्जनाच्या ठायीही आपले तर्कशास्त्र सोडीत नाही. आणि त्या निर्णयाचे पुढे काय झाले? जाहीर झालेली ती योजना संसदेने ऑगस्टमध्ये बाजूस सारली व विशाल द्विभाषिक राज्य पत्करले. ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी अस्तित्वात आले, आणि १ मे १९६० रोजी तेही मोडून महाराष्ट्र जन्मास आला. एका हाताने झटपट घेतलेला निर्णय तीन महिनेही टिकला नाही. एकहाती कारभार वेगवान असतो असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा. जो विचार मंत्रिमंडळाच्या खोलीत चार तासांत करता आला असता, तो रस्त्यावर करावयास चार वर्षे लागली, आणि त्याची किंमत माणसांच्या प्राणांनी द्यावी लागली.

पुढे जे घडले ते याच वाटेवरील होय. १९६१ मध्ये केंद्र सरकारच्या कामकाजाचे नियम झाले. त्यांतील १२ व्या नियमाने पंतप्रधानास, आवश्यक वाटेल तेव्हा व तितक्या मर्यादेत, त्या नियमांपासून दूर जाण्याची मुभा दिली. युद्ध, भूकंप, मध्यरात्रीचे संकट यांसाठी अशी एखादी फट ठेवावी लागते, हे आम्हांस समजते. परंतु २५ जून १९७५ च्या रात्री याच फटीतून आणीबाणी आत आली. राष्ट्रपतींची सही रात्री झाली. मंत्रिमंडळ बोलाविले गेले ते दुसऱ्या दिवशी पहाटे. आदल्या रात्री देशाचे स्वातंत्र्य स्थगित झाले होते, आणि ज्या मंडळाच्या सल्ल्याने ते व्हावयाचे, त्या मंडळास सकाळी फक्त मान डोलवावयाची होती. डॉ. आंबेडकरांनी वर्णिलेली ती नोंद-कचेरी त्या सकाळी पूर्णत्वास पोहोचली.

त्याच वर्षाच्या अखेरीस एक निनावी टिपण फिरू लागले. थेट लोकांनी निवडलेला अध्यक्ष असावा, आणि न्यायसंस्थेवरही त्याच्याच अध्यक्षतेखालील मंडळाची देखरेख असावी, असा त्याचा रोख होता. या टिपणाशी बॅ. अ. र. अंतुले यांचे नाव जोडले जाते. पुढे त्यांनी अध्यक्षीय पद्धतीचा पुरस्कार उघडपणेही केला, आणि विदर्भातील वसंत साठे यांनी १९८० नंतर तोच पक्ष चिकाटीने मांडला. अंतुले हेही रायगडचेच. आंबेत हे त्यांचे गाव, आणि कुलाबा जिल्ह्यास ‘रायगड’ हे नाव त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९८१ मध्ये, मिळाले. एकाच जिल्ह्याने एकहाती कारभाराचा बळी ठरलेला मंत्रीही दिला, आणि त्याचा पुरस्कर्ताही दिला. सुदैवाने १९७६ मध्ये स्वर्णसिंह समितीने सांसदीय पद्धतच राहावी असा कौल दिला. आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने असे घातले की, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हाती आल्यावाचून राष्ट्रपतीने आणीबाणी जाहीर करू नये. मंत्रिमंडळ याचा इंग्रजीतील जो ‘कॅबिनेट’ शब्द, तो आपल्या घटनेत प्रथम आला तो येथे. ज्या कागदावर तो शब्द तीस वर्षे नव्हता, त्यावर तो लिहावा लागला, हाच १९७५ चा धडा होय.

परंतु धडा अर्धाच गिरविला गेला. लेखी निर्णयाची अट ३५२ व्या अनुच्छेदास लागली, ३५६ व्या नव्हे. त्याचे फळ महाराष्ट्राने २०१९ मध्ये पाहिले. १२ नोव्हेंबरला येथे राष्ट्रपती राजवट लागू झाली. २३ नोव्हेंबरच्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठविली गेली, आणि सकाळी राजभवनात शपथविधी उरकला. राजवट उठविण्याचा सल्ला मंत्रिमंडळाने बैठकीत दिलेला नव्हता; तोच १२ वा नियम वापरला गेला होता, आणि मंत्रिमंडळाची मान्यता मागाहून घेण्यात आली. त्या पहाटे कोणते युद्ध पेटले होते? कोणता भूकंप झाला होता? ते सरकार २६ तारखेस राजीनामा देऊन गेले, ते वेगळेच. कोणत्या पक्षाचे राज्य यावे वा जावे याच्याशी आम्हांस येथे कर्तव्य नाही. १९७५ मध्ये सत्तेवर एक पक्ष होता, २०१९ मध्ये दुसरा. नियम तोच, आणि वापरही तोच.

राज्यांतही हीच रीत शिरली आहे. घटनेच्या १६४ व्या अनुच्छेदात २००३ च्या घटनादुरुस्तीने असे घातले आहे की, मुख्यमंत्री धरून राज्याचे मंत्री बारांपेक्षा कमी असू नयेत. परंतु २०२२ मध्ये ३० जूनपासून ९ ऑगस्टपर्यंत महाराष्ट्राचे मंत्रिमंडळ दोघांचे होते. शेजारच्या कर्नाटकात २०१९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तर जवळजवळ चार आठवडे एकच गृहस्थ मुख्यमंत्रीही होता आणि मंत्रिमंडळही होता! तो सल्लामसलत कोणाशी करीत असेल? आमच्या सुशिक्षित घरांतून या गोष्टीबद्दल हूं की चूं झाले नाही, याचे आम्हांस अधिक वाईट वाटते. कारभार तर चालला होता ना, असे म्हणून आपण ते सोडून दिले.

येथे आमचे प्रतिपक्षी रायगडाकडे बोट दाखवितील, हे आम्ही जाणतो. ‘तुमच्या महाराष्ट्राचे वैभव ज्याने निर्माण केले तो एकच राजा होता; रायगडावर सिंहासन एकच होते, आठ नव्हती.’ खरे आहे. शिवछत्रपतींचे प्रधान त्यांचे सेवक होते, आणि त्यांस नेमण्याचा व दूर करण्याचा अधिकार महाराजांचा होता. परंतु मग १६७४ च्या राज्याभिषेकसमयी आठ प्रधानांची कामे वेगळी लावून देण्याचे कारण काय? राजपत्रावर राजाची मुद्रा आणि पेशव्याचा शिक्का असावा, आणि त्यावर इतर प्रधानांनी आपापले संमतीचे चिन्ह करावे, ही रीत कशासाठी? राजा निरंकुश असूनही त्याने आपला हुकूम अनेक हातांतून जावा असे ठरविले, कारण आपल्याही हातून चूक होऊ शकते हे थोर राजास ठाऊक असते. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या प्रधानमंडळाची तुलना व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाशी केली, आणि पुढे ही व्यवस्था मोडली यात मराठी राज्याच्या ऱ्हासाचे एक कारण पाहिले, ते याच दृष्टीने.

ती मोडली कशी, हेही पाहिले पाहिजे. पदे वंशपरंपरेची झाली, आणि प्रधान आपापल्या मुलुखाचे धनी झाले. हा एक दोष. दुसरा दोष त्याच्या उलट : १७४९ मध्ये शाहू महाराज वारल्यानंतर सर्व सूत्रे पेशव्यांच्या एका घरात गेली, आणि मंडळ नावापुरते उरले. या किनाऱ्याने त्याचे परिणाम भोगले. आंग्रे घराण्यातील तुळाजी पेशव्यांस जुमानीत नव्हता, म्हणून नानासाहेबांनी त्याच्यावर इंग्रजांस सोबत घेतले. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग आणि १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला, व तुळाजीचे आरमार जळून गेले. तुळाजीचे अपराध कोणते व किती, याविषयी इतिहासकारांत वाद आहे. परंतु ज्या आरमाराचा इंग्रजांस धाक होता ते इंग्रजांच्याच मदतीने बुडवावे की नाही, असा प्रश्न ज्या मंडळात उठावा, ते मंडळ तेव्हा उरलेले नव्हते. आणि याच पेशवाईत त्याविरुद्धचे उदाहरणही आहे. नारायणरावांच्या खुनाबद्दल रघुनाथरावांस दोषी ठरविणारे रामशास्त्री, आणि राघोबांस दूर ठेवून कारभार पाहणारे बारभाई, यांनी राज्य आणखी काही काळ सावरले. न्यायाधीश हा धन्याचाच हात, असे रामशास्त्र्यांनी मानले असते तर काय झाले असते, हे सांगावयास नको.

या इतिहासातून आम्ही जो बोध घेतो तो असा की, राज्यातील पद हे वतनही होऊ नये, आणि मर्जीही होऊ नये. वतन झाले म्हणजे अधिकारी कोणासच जबाबदार राहत नाही. मर्जीवर गेले म्हणजे तो एकासच जबाबदार राहतो. मुदतीचे पद, कायद्याने ठरलेले काम, आणि कारण दाखविल्यावाचून दूर न होण्याची हमी, हा या दोहोंमधील मार्ग आहे. अमेरिकन न्यायालयाने १९३५ मध्ये तोच धरला होता. आपल्या घटनेनेही महालेखापरीक्षक आणि मुख्य निवडणूक आयुक्त यांस सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच काढता येईल असे ठरविले, ते यासाठीच.

‘परंतु हे आयुक्त कोणी निवडून दिलेले नसतात, लोकांनी निवडलेल्या माणसास त्यांनी अडवावे काय?’ हा सिद्धान्तवाद्यांचा सर्वांत बलवान आक्षेप होय, व त्याची उपेक्षा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमचे उत्तर असे : धोरण ठरविण्याचा अधिकार निवडून आलेल्यांचाच आहे, आणि जो अधिकारी धोरणच हाणून पाडू पाहतो त्यास आवरण्याचा मार्ग कायद्यात असावा. परंतु मते मोजणे, हिशेब तपासणे, गुन्ह्याचा तपास करणे, ही धोरणे नव्हेत. ही मोजमापे आहेत. दुकानदारास भाव ठरवू द्यावा. तराजू मात्र त्याच्या खिशात देऊ नये. असे असता २०२३ च्या कायद्याने निवडणूक आयुक्तांची निवड करणाऱ्या तिघांत पंतप्रधान, त्यांनीच नेमलेला एक मंत्री, आणि विरोधी पक्षनेता अशी योजना केली. तिघांतील दोन मते एका हातात! हा मंत्री पंतप्रधानांहून निराळे मत देईल अशी कल्पना कायदा करणाऱ्यांस तरी होती काय?

केवळ तक्रार करून थांबणे आम्हांस योग्य वाटत नाही. म्हणून आमच्या मागण्या थोडक्यात मांडतो. पहिली, ३५६ व्या अनुच्छेदाखालील राजवट लावताना व उठविताना, आणीबाणीप्रमाणेच, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आधी असावा. दुसरी, १२ वा नियम जेव्हा जेव्हा वापरला जाईल, तेव्हा तेव्हा कारणांसह त्याची नोंद ठराविक दिवसांत संसदेपुढे ठेवावी. तिसरी, शपथविधीनंतर पंधरा दिवसांत राज्याचे मंत्री बारा झाले नाहीत, तर नव्या धोरणाचे निर्णय घेण्याचा त्या सरकारास अधिकार असू नये. चौथी, आयुक्तांच्या निवडीत सरकारचे बहुमत नसावे. यांपैकी एकाही मागणीने कोणत्याही पंतप्रधानाचा वा मुख्यमंत्र्याचा हात बांधला जात नाही. त्याने सही करण्यापूर्वी चार माणसांचे तोंड पाहावे, इतकेच घडते.

आणि एक मागणी वाचकांकडे. घरात, कचेरीत, प्रवासात जेव्हा कोणी ‘एकाच्या हाती द्या म्हणजे काम होईल’ असे म्हणेल, तेव्हा त्यास १९५६ ची गोष्ट सांगावी. त्या वर्षी दिल्लीच्या मंत्रिमंडळात महाराष्ट्राच्या बाजूने बोलणारा, आकड्यांत आणि नियमांत कोणासही हार न जाणारा एक मंत्री बसलेला होता, आणि तरीही त्यास कोणी विचारले नाही. तो राजीनामा देऊन बाहेर पडला म्हणून ही गोष्ट आपणांस कळली. जे मंत्री न विचारले जाताही खुर्चीवर बसून राहिले, आणि आजही राहतात, त्यांच्या काळात काय काय ठरले, हे आपणांस कोण सांगणार?